खदानीतला दुसरा गाइड

४ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची. मालवणच्या समुद्रात लोकांना स्कूबा शिकवणारी मी, आता गडचांदूरजवळच्या एका बंद, पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या खदानीत नोकरीला! पाणी मात्र बघत राहावं असं. हिरवं, इतकं स्वच्छ की काठावरून तळाकडे उतरत जाणारे दगडी टप्पे दिसतात. मालक दानिशने सिलिंडर नवे कोरे आणलेत. स्वयंपाकाला गुणाबाई आहेत. आल्या आल्या त्यांनी कोथिंबिरीची गरम सांबारवडी हातावर ठेवली. गाइड भूपेश इथलाच, हसतमुख. सुरक्षिततेचं काम माझ्याकडे. छान जमेल.

९ नोव्हेंबर
जमत नाहीये. भूपेश पाहुण्यांना घेऊन खाली जातो आणि मागे वळूनही बघत नाही. कोणाची हवा किती उरली, जोडीदार सोबत आहे का, काही नाही. बोलले तर म्हणतो, "मॅडम, मी आहो ना. मले या खदानीचा दगड न् दगड माहीत हाये. तुमी काऊन भिऊन राह्यल्या?"
पाहुणे त्याच्याहून वरताण. मी घसा फोडून सांगते की हवेचा काटा स्वतः बघा, गाइड तुमच्यासाठी श्वास घेणार नाही. ते मान डोलावतात आणि सेल्फी काढतात.

१५ नोव्हेंबर
आज भूपेशने कहर केला. कॅमेरा बिघडला म्हणून पाहुण्यांना खाली सोडून वर आला आणि काठाशी बांधलेल्या तराफ्यावर माझ्या शेजारी बसून तो पुसू लागला. मी संतापून उतरायला निघाले, तेवढ्यात मंडळी वर आली. खूश होती. गाइडने शेवटपर्यंत सोबत केली म्हणाली, प्रत्येकाचा काटा तपासला, हात धरून खालची कपार दाखवली.
भूपेशने चक्क शाबासकी घेतली. बाजूला नेऊन विचारलं, खाली कोण होतं मग? लोक पाण्यात गोंधळतात म्हणाला. नजर मात्र चुकवली.

१८ नोव्हेंबर
भूपेशला जोडीदार म्हणून घेऊन स्वतः गेले. खोलवरच्या गढूळ पट्ट्यात तो दिसेनासा झाला. पुढे कपारीपाशी उभा. माझी वाट बघत. पहिल्यांदाच नीट वागला. माझा काटा हातात घेऊन पाहिला, ठीक अशी खूण केली, चल खाली. किती बरं वाटलं. मागोमाग गेले.
मग लक्षात आलं. त्याच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते.
काटा पाहिला. लाल पट्टीत, हवा संपत आलेली. केव्हाचाच.
वर कशी आले ठाऊक नाही. भूपेश तराफ्यावर होता. कान दुखला म्हणून अर्ध्यातून परतलेला. मला न सांगता.
पण काटा मी दुसऱ्याला बघू दिला. मी.

२० नोव्हेंबर
दानिशला सांगितलं, बंद करा. त्याला शनिवारच्या बुकिंगची पडलीय. भूपेश म्हणतो, ज्याचा काटा त्यानं पाहावा, मॅडमच त सांगतेत. निघून जावं वाटतं. मग उतरणाऱ्यांचं काय?

२२ नोव्हेंबर, दुपार
चंद्रपूरचे मनसाराम आणि रीता, नवरा-बायको. भूपेशबरोबर गेले. भूपेश आणि रीता वर आले. मनसाराम नाही. रीता म्हणते, ते गाइडसोबत मागे थांबले. मग तिने आपल्याबरोबर वर आलेल्या भूपेशकडे वळून पाहिलं.
भूपेश पांढराफटक. नवा सिलिंडर चढवला. "मीच नेलं त्याले. मीच आणतो."
अडवलं, ऐकेना. त्याच्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक माझ्या कमरेला. मी झटका द्यायचा, ठीक असेल तर त्याने उलट द्यायचा.
बचाव पथक निघालंय. येईपर्यंत तराफ्यावर बसून घडलं ते लिहून ठेवतेय. एका हातात दोरी.

भूपेशची हवा केव्हाच संपायला हवी होती. तरी उत्तर येतंय. वेळच्या वेळी. भूपेश इतका नियमाने कधीच —

रीता म्हणते ओढा, दोघं असतील. ओढली. हलकी. टोकाला कोणी नसल्यासारखी. तरी झटका.

आता झटका देऊन मी विचारत नाहीये. खालून विचारणा येतेय. ठीक?
पुन्हा.
उत्तर देणार नाही.

कमरेची गाठ भिजलीय, सुटत नाही — दानिश चाकू आणायला — गुणाबाईंनी मला मागून धरलंय —
दोरी ताठ. तराफा कल