यादीत नसलेली गोष्ट

बाई,

तुमचे गुडघे आता कसे आहेत? घाटात मांडीवर हात टेकत चढायचात, तिकडे तरी चढ नसेल. तुमच्या आईंचा दमा बसला का? मालकांची साखर? आणि माझी वहिनी भेटते का कधी? तिचं पोट आता दुखत नाही ना, एवढं विचारा. माझं बरं आहे. दात गेले, जीभ शाबूत आहे, आणि सध्या तिचीच भीती वाटते.

परवापासून जव्हारला समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ देशातल्या आरोग्यसेविका आल्यात. साथ येण्याआधी काय तयारी ठेवायची, ते त्यांचं आम्ही शिकायचं, आमचं त्यांनी. थेट मोखाड्यापासून बाया जमल्यात, दुभाषी मुलगी मधे बसते. त्यांची एक रीत मला आवडली. साथीचा सराव करताना एकीला मुद्दाम न ऐकणारी करतात, म्हणजे खऱ्या दिवशी कुणी अडून बसलं तर गांगरायला होत नाही. काल म्हणाल्या, आज मावशी न ऐकणाऱ्या. मी पदर खोचून असा हट्ट केला की सगळ्या हसून लोळल्या. मग त्यांच्यातल्या वयस्क बाईनं विचारलं, तुमच्या साथीत खरंच कुणी असं वागलं होतं का? मी पटकन बोलून गेले, "नाही हो, आमची माणसं गुणाची." तिनं ते वहीत लिहून घेतलं. बाई, तिनं ते लिहायला नको होतं. कारण त्यांच्याकडेही विहीर आटली की बाया नदीच्या वाळूत खड्डा खणून झिरपेल ते पाणी भरतात. फोटो दाखवले. हुबेहूब आपला डवरा. परत जाऊन आमच्या सांगण्यावरून त्या स्वतःचे नियम लिहिणार आहेत.

तुम्ही दवाखान्याच्या नर्सबाई, मी तुमच्या हाताखालची; अक्षरंही तुम्ही मला औषधांच्या पुड्यांवरून शिकवलीत. पाण्याच्या जागांची यादी कर म्हणालात, तर मी नुसती विहीर लिहून आणली. तुम्ही भाकरी थापत होतात, मान वर न करताच बोललात, "विहीर काय लिहितेस? बायांचा हंडा कुठे कुठे बुडतो ते लिही." मग मी डवरा लिहिला. त्या उन्हाळ्यात वरच्या पाड्याला उलट्या-जुलाब लागले, तसं तुम्ही मला डवऱ्यावर बसवलंत. येईल त्या हंड्यात औषधाचे थेंब टाकायचे, एकही सोडायचा नाही.

चौथ्या दिवशी माझ्या भाचीची, वहिनीच्या लेकीची, हळद होती. वहिनी स्वतःच हंडा घेऊन आली. "बाय, हे हळदीचं पाणी. दवाखान्याचा वास आला तर देव तोंड फिरवील." मी थेंब टाकले नाहीत. पोरीच्या अंघोळीतून उरलेलं पाणी मांडवातल्या पिण्याच्या माठात गेलं. दोन दिवसांनी, दवाखान्याची जीप यायच्या आत, उलट्या-जुलाबानं वहिनी गेली.

मोठे डॉक्टर चौकशीला आले तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, डवऱ्याचं मी हिला सांगितलंच नव्हतं. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "विसरलीस ना? विसरतं माणूस." मी मान हलवली. तुमची बदली झाली, मागाहून तुम्ही वारल्याचं कळलं, आणि इकडे मी गुणाची ठरले.

ती भाची आता आशाताई आहे, हॉलमध्ये माझ्याच शेजारी बसते. माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी तिला लागते, आईसारखी होते म्हणते. आईचं बोलणं निघालं की तुम्हाला शिव्या देते, आणि मी भाकरी मोडत राहते. उद्या सकाळी शेवटची बैठक. बोलले तर ही पोर मला उंबऱ्यात उभी करणार नाही. गप्प राहिले तर त्या डोंगरात कुणाची तरी वहिनी असाच हंडा घेऊन येईल, आणि तिथल्या बाईला कुणी सांगितलेलंच नसेल की न ऐकणारं माणूस परकं नसतं, घरचंच असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? गादीखालीच राहील. म्हणून एक लिहून टाकते. मी विसरले नव्हते, बाई. देवालाही भ्याले नव्हते. मानाची आत्या होते, हळदीच्या दिवशी वाईट व्हायचं नव्हतं, बस एवढंच.

भाचीला आधी घरी सांगू, की सगळ्यांदेखत एकदाच? उत्तर लवकर लिहा. पाहुण्या उद्या दुपारच्या गाडीनं जातात.