बोलीवाल्यांना मागच्या खोल्या

बुधवार, ४ फेब्रुवारी

सोमवारच्या पानावर चूक आहे. मी लिहिलंय — 'सहा नंबरमधली मुलगी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि गेली.' गेली हे खरं. पाय घसरला हे मला माहीत नाही. ते वाक्य मॅनेजरसाहेबांचं आहे. मी ते माझं असल्यासारखं उतरवून ठेवलं. खोडणार नाही. खोडलं तर चूक झालीच नव्हती असं दिसेल. इथे दुरुस्त करते.

दार आईनं उघडलं होतं. खोल्या साफ करायचं काम तिचं, त्यामुळे दुसरी किल्ली तिच्याकडेच असते. आज भांडी घासता घासता म्हणाली, "पडली कुठे? बसली होती गं ती. भिंतीला टेकून. बादली भरून वाहत होती. केससुद्धा ओले नव्हते बिचारीचे."

"पोलिसांना सांगितलंस?"

"मला कोण विचारतंय! मला म्हणाले, बाई, बाजूला व्हा."

पाय घसरलेला माणूस भिंतीला टेकून बसत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मुलीचे वडील सामान न्यायला आले होते. एक पाठीवरची पिशवी, एक चप्पलजोड, परीक्षेचं ओळखपत्र. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली — माझे वडील मोठ्या माणसांकडे जाताना लावायचे तशी.

मॅनेजरसाहेबांनी खोलीचे पैसे पाकिटात घालून पुढे केले. "नियमात बसत नाही, पण माणुसकी म्हणून." ते घेईनात. "ती राहिली ना एक रात्र? मग कसे परत घ्यायचे?" पाकीट टेबलावर तसंच राहिलं.

जाताना माझ्यापाशी थांबले. "ताई, ते कॉम्प्युटरवरून खोली देता ते तुम्हीच का?" मी हो म्हटलं. "पोरीनं फोन केला होता मला. म्हणाली, बाबा, केवढं मोठं हॉटेल आणि भाव एवढासा! अशी बोली लावली म्हणाली, की हॉटेलवाले बघतच राहिले." आणि हसले. खरंच हसले. मुलीच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं त्यांना.

मी मान खाली घालून किल्ल्या लावत बसले. लागलेल्याच होत्या.

शनिवार, ७ फेब्रुवारी

एकदा नीट मांडून ठेवते, नाहीतर मीच मला फसवेन.

बोलीच्या साइटवर हॉटेलचं नाव दिसत नाही. भाग कुठला आणि दर्जा काय, एवढंच दिसतं. गिऱ्हाईक आपला भाव सांगतं. त्या भागातलं, त्या दर्जाचं जे हॉटेल त्या भावाला तयार असेल ते पदरात पडतं. पैसे आधी कापले जातात, नाव मागून कळतं. मग परत नाही, बदल नाही, तारीख पुढेमागे नाही. लोकांना त्यात गंमत वाटते. अर्ध्या भावात मोठं हॉटेल! मिळतंही. दिवाणखाना तोच, संगमरवर तोच, सकाळचा चहा तोच.

फक्त खोली मागची. हे साइटवर कुठेही लिहिलेलं नाही. आमच्याकडे ठरलेलंच आहे — बोलीवाल्यांना मागच्या खोल्या. पाच ते दहा. पूर्ण भाव देणाऱ्यांना पुढच्या, तिथे गच्चीवरच्या टाकीतून गरम पाणी येतं. मागे ते पाइप पोचलेच नाहीत, म्हणून प्रत्येक बाथरूममध्ये एकेक गॅसचा गिझर.

आणि हॉटेल किती खालच्या भावाला तयार आहे तो आकडा साइटवर कोण टाकतं? मी. त्या रविवारी दुपारी सहा नंबर उरली होती. मी आकडा खाली आणला. थोड्याच वेळात लागली. मी टायवाल्यांना ओरडून सांगितलं, "सहासुद्धा गेली!" ते म्हणाले, "वा! पोरीला बढती द्या!"

(टायवाले म्हणजे पुढच्या टेबलावर पाहुण्यांची नोंद करणारे गृहस्थ. उन्हाळ्यातसुद्धा टाय सोडत नाहीत. आई खराटा घेऊन, मी माऊस घेऊन, दोघींनी हॉटेल झाडून काढलंय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.)

सोमवार, ९ फेब्रुवारी

सहा नंबरमध्ये गेले. आई दारात उभी राहिली. "लवकर आटप. कुणी बघितलं तर काय सांगू?"

बादली पालथी घालून वर चढले. हवा जायच्या झरोक्याला झडपांच्या काचा आहेत. एक काच सरकवली. मागे वीट! बोट लावून बघितलं. वीटच. मागच्या वर्षी तिकडून कोठीची खोली बांधली, तेव्हा भिंत थेट झडपेला टेकवून घेतली. आतून काचा तशाच ठेवल्या, म्हणजे झडप आहे असं वाटतं.

गिझरच्या अंगावर सूचना चिकटवलेली आहे. तिच्यावर टॉवेलची खुंटी ठोकली आहे. खुंटीच्या दोन्ही बाजूंनी वाचता येतं — 'बंद जागेत वापरू नये. हवा खेळती ठेवावी. जिवाला धोका.'

आई म्हणाली, "इकडची बाथरूम धुताना माझं डोकं जड होतं, ते म्हणून होय? मला वाटलं वय झालं."

कित्येक महिने! आणि मला एकदाही बोलली नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी आवाज फाटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शांतपणे. त्याचीच जास्त भीती वाटली.

"तू शिकलेली, म्हणून तुला कॉम्प्युटरवर बसवलं. बाथरूममध्ये नाही बसवलं."

मी म्हटलं, साहेब, झडप बंद आहे.

"पोलीस आले, बघून गेले. डॉक्टरांनी लिहून दिलं. वडिलांनी सही केली. आता तू कोण? इंजिनिअर?" मग फाइल चाळत, सहज विचारल्यासारखं — "आईला किती वर्षं झाली गं इथे? जिन्याखालची खोली तुमच्याकडेच ना अजून?"

हो, आमच्याकडेच. एक खाट, एक शेगडी, आणि माझ्या पुस्तकांचं फळकूट. मी दहावीला, बारावीला, पुढे पदवीला त्या जिन्याखालीच बसून अभ्यास केला. वरून पाहुण्यांच्या बॅगा धडधडत जायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेचं तोंड बघितलं नाही. त्या खोलीचे माझ्यावर उपकार आहेत, हे मला मान्य आहे. साहेबांनी न सांगताही मान्य आहे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सहा नंबर पुन्हा साइटवर टाकायला सांगितली. टाकली. पण मागच्या सहाही खोल्यांचा आकडा मी इतका वर चढवून ठेवला, की कुणाची बोली लागायलाच नको. हा खोटेपणा आहे का? पगार मी खोल्या विकण्याचा घेते. दिवसभर हेच डोक्यात.

रविवार, १५ फेब्रुवारी

एकही बोली लागली नाही. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून अपराधी वाटलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

टायवाल्यांनी आठ नंबर थेट एका म्हाताऱ्या जोडप्याला दिली. पुढे जागा नव्हती म्हणे. मी धावत जाऊन बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला — 'गिझर बंद आहे. गरम पाणी मागितल्यास बादलीतून आणून दिले जाईल.' आईनं स्वयंपाकघरातून दोन बादल्या नेऊन दिल्या. हात भाजला तिचा. आजोबांनी खाली येऊन तक्रार केली. आम्ही बादलीवाल्या हॉटेलात आलोय का, म्हणून.

साहेबांनी कागद फाडला. माझ्यादेखत. तुकडे माझ्याच हातात दिले. "कचरा योग्य जागी टाक."

आजीआजोबा ठणठणीत गेले. अंघोळ न करताच निघाले, रागानं. देव त्यांचा राग असाच ठेवो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सत्तावीस तारखेला परीक्षेचा दुसरा टप्पा. पहिल्या टप्प्याला ती सहा नंबरमधली आली होती, तीच परीक्षा. आदल्या रात्री गावोगावची मुलं येणार — स्वस्तातलं शोधत, बोली लावत, आईवडिलांना फोनवरून हुशारी सांगत.

साहेबांनी मागच्या खोल्यांचा आकडा बघितला. मी हे लिहिताना अजून कानशिलं तापतायत. "बोली लागत का नाहीत ते आता कळलं! हा भाव तुझ्या आजोबांनी ठरवला होता? गुरुवारच्या रात्री मला मागची एकही खोली रिकामी दिसता कामा नये. बुधवारी मी स्वतः बसणार, स्वतः भाव पाडणार. तोवर अक्कल आली तर बघ."

म्हणजे बुधवार. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अर्धा दिवस रजा. दात दुखतोय म्हणून सांगितलं. (दुखत नव्हता. लिहून ठेवते.)

सुरक्षा तपासणीच्या कचेरीत गेले. तक्रारीच्या खिडकीत एक बाई. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर शेंगदाण्यांची पुडी.

"तुम्ही कोण? पाहुण्या, का मयताच्या नातेवाईक?"

"मी तिथे काम करते."

"मग तक्रार मालकामार्फत पाठवा."

"तक्रार मालकाविरुद्धच आहे."

"ते मला कळतंय हो! नियम मी नाही केले." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कर्मचाऱ्याचा अर्ज इथे पडून राहतो. पाहुण्यानं केला, पावती जोडली, आणि अजून खोलीत आहे म्हणाला — तर त्याच दिवशी माणूस पाठवावाच लागतो. तसा नियमच आहे आम्हाला. कुणी पाहुणा आहे का तुमच्या ओळखीचा?"

नाही म्हटलं. पाहुणे ओळखीचे कसे असतील? ते एक रात्र असतात आणि जातात.

त्या मुलीच्या वडिलांचा नंबर आहे माझ्याकडे. ओळखपत्राच्या पाठीवर होता. बाहेर येऊन फोन हातात घेतला, परत पिशवीत ठेवला. त्यांना काय सांगू? तुमची मुलगी घसरली नाही, आम्ही तिला स्वस्तात दिली?

रविवार, २२ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. तिनं कणीक तिंबायचं थांबवलं नाही.

"तुला शिकवलं ते याच्यासाठी?"

"मग कशासाठी?"

"सुखानं बसून खाशील म्हणून. उन्हात जाशील म्हणून नाही."

"आई, परवा ती आली. उद्या दुसरी येईल."

"आणि आपण कुठे जायचं? तेवढं पण शिकवलं असेल ना कॉलेजात!"

जेवलो. ताटं उचलताना तिनं एवढंच विचारलं — "किती वर्षांची होती गं ती?"

मी सांगितलं. माझ्याच वयाची.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पाहुणा ओळखीचा लागतो. मी मला ओळखते.

कामाच्या कॉम्प्युटरवरून करणं बरोबर नाही. कर्मचाऱ्यांची सवलतही घ्यायची नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत समोरच्या बाकावर बसून, माझ्या मोबाइलवरून, माझ्या पैशांनी, गुरुवारच्या रात्रीसाठी बोली लावली. हा भाग, हा दर्जा. लागली!

नाव उघडलं — रस्त्यापलीकडचं हॉटेल. जन्मात कधी हॉटेलात राहिले नाही आणि पहिली खोली घेतली ती समोरच्यांची!

माझाच मूर्खपणा. आमचा आकडा मीच वर चढवून ठेवलाय. आमच्या हॉटेलला माझी बोली परवडलीच नाही. परत नाही, बदल नाही — हे मीच रोज लोकांना फोनवर समजावून सांगते. अर्धा पगार गेला. हसू आलं, मग बाकावरच रडले. एका बाईनं विचारलं, काय झालं? म्हटलं, दात.

आमचंच हॉटेल लागायचं तर आकडा मलाच खाली आणावा लागेल. आणि खाली असेपर्यंत दार सगळ्यांनाच उघडं. मिनिटभर का होईना. आज धीर झाला नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आकडा पाडला. सुट्टी होताच बाकावर पळाले. बोली लावली. लागली — आमचं हॉटेल. टायवाल्यांच्या यादीत सहा नंबरपुढे माझं नाव आलंय. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, टाय सैल केला आणि पान उलटलं.

आकडा परत चढवायला आत धावले. तेवढ्यात आणखी एक लागून गेली. सात नंबर. एकटीच मुलगी. खाली लिहिलंय — 'परीक्षेला येत आहे. पोचायला संध्याकाळ होईल. गरम पाणी मिळेल ना?'

मी उत्तर पाठवलं — नाही. पण भिंतीवर गिझर दिसला की ती लावणारच. मीही लावला असता.

घरी आले तर फळकूट रिकामं. आईनं माझी पुस्तकं गाठोड्यात बांधली आहेत, शेगडी पुसून वर ठेवली आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी. दुपारी बारा. सहा नंबर.

अर्ज लिहायला घेते — मी पाहुणी आहे, पावती जोडली आहे, आणि अजून खोलीत आहे.