पप्पांचं ‘नो’

उचगाव, १६ फेब्रुवारी

प्रिय ऐशू,

फोन सोडून आईला हे कागदाचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटेल. रविवारी तू माझे गुडघे विचारतेस, मी तुमच्याकडचा बर्फ विचारते, आणि एक गोष्ट तेवढी टाळून आपण दोघी जगाच्या गप्पा मारतो. कागदावर मला मधेच ‘बरं, ठेवते’ म्हणायला कुणी नाही.

परवा ऊस गेला. आपल्या रानाला आता तिन्ही बाजूंनी वर्कशॉपच्या शेडनी वेढलंय, दिवसभर लेथ चालू असतात. मला त्याचा वैताग, पप्पांना मात्र तो आवाज आवडतो. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला परदेशातून आलेला माणूस, आवडणारच. विहिरीकडच्या सहा सऱ्यांतले बटाटे त्यांनी या आठवड्यात काढले. जैनाच्या घरात जमिनीखालचं काही शिजणार नाही, हे लग्नाआधी तुझ्या आजीनं त्यांना हातवारे करून सांगितलं होतं. त्यांनी निमूट ऐकलं, आणि पुढच्याच वर्षी विहिरीकडे बटाटा लावला. बांधावर पाचट पेटवायचं, निखाऱ्यात भाजून खायचे, चूळ भरायची आणि मगच घरात यायचं. तू पाच वर्षांची झालीस आणि तूही त्यात सामील झालीस. मला कळत नाही असं तुम्हा दोघांना वाटायचं. अगं, तुझ्या हनुवटीला राख असायची आणि माझ्या डब्यातलं मीठ कमी व्हायचं. मी कधी बोलले नाही. गप्प बसायची ही सवय मला तेव्हापासून लागली आणि पुढे तीच नडली.

आमच्या लग्नाची गोष्ट महावीरमामा दर दिवाळीला तिखटमीठ लावून सांगतो. मिलन नावाचा हा परदेशी माणूस मला मागणी घालतोय म्हटल्यावर घरात आठ दिवस चूल धड पेटली नव्हती. शेवटी मामा स्वतः कारखान्यावर गेला आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “पावणं, आमच्या भनीला जल्मभर संभाळशीला न्हवं?” पप्पा म्हणाले, “नो.” मामा टोपी झटकून उठला तो थेट घरी आला. पुढे कारखान्यातल्या दुभाष्यानं येऊन सांगितलं, की चेक लोक घरगुती बोलण्यात ‘हो’ला ‘नो’ म्हणतात, आणि तो बिचारा कवापासनं व्हय व्हय म्हणतोय.

तीस वर्षं झाली. पप्पा आता गावच्यासारखं बोलतात, बैलाला शिव्यासुद्धा कोल्हापुरी देतात, तरी गावाला ते अजून पावणंच आहेत. पण मन भरून आलं की तोंडातून तेच जुनं ‘नो’ निघतं. आणि इथल्या साहेबांकडून शिकलेलं नकाराचं ‘नो’सुद्धा निघतं. दोन्ही कानाला सारखीच. ओळखायचं ते हनुवटीवरून. खाली गेली तर हो, बाजूला वळली तर नाही. हे तूच मला लहानपणी शिकवलंस.

आता खरं लिहिते. दोन वर्षांपूर्वी तू यानकाकांच्या शेतावर जायचं ठरवलंस. पप्पांचा तो चेकमधला थोरला भाऊ, मूलबाळ नाही, सरकारनं घेतलेली जमीन परत मिळालेली आणि हात थकलेले. महिनाभर घरात धुसफूस चालली. पप्पांना सोसणार नाही, पप्पांचं मन मोडू नकोस, हे तुला रोज कोण सांगत होतं? मीच. पप्पा स्वतः एकदाही तसं बोलले नव्हते. मला भीती वाटत होती, ऐशू. तो माणूस यंत्रांबरोबर आला आणि माघारी गेलाच नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तूही तशीच तिकडची होऊन जाशील असं वाटायचं, आणि माझी भीती मी त्यांच्या नावावर खपवत राहिले.

मग मुंबईच्या विमानतळावरून तुझा फोन आला. “पप्पा, शेवटचं विचारते. जाऊ का मी?” ते म्हणाले, “नो.” तू फटकन फोन ठेवलास. मी त्यांच्या शेजारी बसले होते, ऐशू. त्यांची हनुवटी खाली गेलेली मी पाहिली. डोळे भरले होते आणि तोंडावर हसू होतं. तुला तेवढं सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. पण तू चुकीचं समजलीस हे कळल्यावर माझ्या मनात आलं, बरं झालं, आता ही थांबेल. तू थांबली नाहीस. रागानं गेलीस, एवढंच झालं.

तेव्हापासून तू फक्त माझ्याशी बोलतेस. रविवारी फोन वाजला की पप्पा हातात रिकामी बादली घेऊन दारात घुटमळतात. तू त्यांची चौकशी करत नाहीस, आणि मी त्यांना सांगते, लाइन खराब आहे.

परवा त्यांनी बियाण्याचे बटाटे निवडले, सारख्या आकाराचे, प्रत्येकाला तीन-तीन डोळे. पिशवीवर खडूनं तुझं नाव लिहिलं आणि मला विचारायला आले, की हे पोस्टानं पाठवता येतील का. ज्या मुलखात बटाट्याशिवाय जेवण होत नाही तिथे हा माणूस उचगावचे बटाटे धाडायला निघाला होता. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मग सगळं सांगितलं, फोनचं, हनुवटीचं, माझ्या भीतीचं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले आणि मग म्हणाले, “मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं.” एवढंच. संध्याकाळी जेवले नाहीत.

म्हणून हे पत्र. माझ्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे, पण त्यांच्यावरचा राग आता काढून टाक. बियाणं परदेशी पाठवायला परवानगी लागते म्हणे, तेव्हा पिशवी इथेच खुंटीला आहे. आज सकाळी चहा देताना मी त्यांना विचारलं, “ऐशूला लिवू का, चार दिस येऊन जा म्हणून?” ते म्हणाले, “नो.” कागदावर तुला दिसणार नाही म्हणून या वेळी मी सांगते, बाळा. हनुवटी खाली गेली.

तुझीच,
आई