पोथीला बसलेली बाई

आई, काल माझ्या हातून मामांचे पाय भाजले असते.

मामा म्हणजे माझे सासरे, तू त्यांना बघितलेलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी त्यांचं एक अंग लुळं पडलं आणि बोलणंही गेलं. काल सकाळी गावच्या दूध सोसायटीतलं मापाचं काम उरकून मी पळतच घरी आले, चुलीवरचं पाणी उतरवलं, गार पाण्याचं विसण न घालता तांब्या भरला आणि त्यांच्या पायावर धरला. मामांनी नुसते डोळे मोठे केले. माझी पोरगी तिथंच दप्तर भरत बसली होती, तिनं माझं मनगट धरलं. आठ वर्षांची आहे. म्हणाली, "आई, वाफ येतीय की." मला वाफ दिसली नव्हती. निदान मी स्वतःला तसं सांगतेय.

पाऊस दोन वर्षं झाली, नाही. आमचे हे जनावरं घेऊन होळीपासून चारा छावणीवर राहतात. गावात टँकर चौथ्या दिवशी येतो. घरात मामा, गुडघ्यानं बसलेल्या सासूबाई, ही पोरगी आणि अंगावर पिणारं बाळ. मला कुणी छळत नाही गं, हेच अवघड आहे. रागवायला तरी कुणी पाहिजे की नको? सोसायटीत परवा एकाच घरचं दूध मी दोनदा लिहिलं. लोक हसले, मीही हसले, पण घरी येईपर्यंत तेच आकडे मनात पुन्हा मोजत होते.

तुझं तसंच चाललं होतं, नाही का? आजी खुब्याचं हाड मोडून खाटेवर, आम्ही चार लेकरं, तेव्हाही असाच दुष्काळ. दुपारी भांडी झाली की तू म्हणायचीस, पोथीला बसते, आणि देवघराचं दार लोटून घ्यायचीस. पोथीला बसलेल्या बाईला आपल्याकडं कुणी हाक मारत नाही. दिवसभर तुझ्या नावानं ओरडणारी आजीसुद्धा तेवढा वेळ गप पडायची, वर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, सून लई देवाची हाय म्हणून. मी तिसरीत होते. एकदा दाराच्या फटीतून बघितलं तर तू भिंतीला टेकून झोपलेली, तोंड उघडं, समोर पोथी. दुसऱ्या दिवशी बघितलं, तेच पान. तिसऱ्या दिवशीही तेच. तुझ्याकडून माझी वेणी घालायची राहिली होती, त्याचा मला राग होता. मी जाऊन आजीला सांगितलं, आई वाचत न्हाई, झोपती.

आजीनं आरडाओरडा केला नाही. वडिलांकडून पोथी फडक्यात बांधून फळीवर ठेववली आणि तुला म्हणाली, "देवापुढं तरी खोटं वागू नको." तुला वाटलं दादानं सांगितलं. तू त्याला बडवलंस आणि मी चुलीपाशी बसून भाकरी खात राहिले. त्यानंतर तू दुपारची कधी बसलेली मला आठवत नाहीस. पुढच्याच उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची घागर डोक्यावर असताना तू पडलीस. अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, ह्या झोपतात कधी? वडिलांना ते माहीतच नव्हतं. तिथून तू परत आलीच नाहीस.

कालच्या तांब्यानंतर मी दिवसभर मामांच्या जवळ जायला भीत होते. बाळाला पाजतानाही भीती वाटली, हातातून सुटलं तर. संध्याकाळी सासूबाई ज्वारी निवडत होत्या, त्यांच्यासमोर जाऊन बसले. पोथीचं सोंग करायचं मनात आलं होतं, आमच्याही घरात चाललं असतं. पण पोरगी दारात उभी होती, माझ्याकडं बघत. मग सरळच बोलले.

"आत्या, मला रोज दुपारी अर्धा तास झोपू द्या. न्हाईतर माझ्या हातनं ह्या घरात कुणाचं तरी बरंवाईट होईल."

त्यांनी सुपातले चार खडे वेचून बाजूला टाकले. मला वाटलं आता माझ्या माहेराचा उद्धार होणार. मग म्हणाल्या, "मला कुणी झोपू दिलं न्हाई." एवढंच बोलल्या. त्या चिडल्या की रडवेल्या झाल्या ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. आज दुपारी मात्र भांडी पुसून होताहेत तोवर त्यांनी बाळाला ओढून मांडीवर घेतलं, काठीनं आतली खोली दाखवली आणि पोरीला बजावलं, आईला हाक मारायची न्हाई.

मी खोलीत आले. गोधडी अंथरली, पडले, डोळे मिटले. बाहेर सगळं सामसूम होतं. कुणी हाक मारत नव्हतं, आणि मी मात्र हाक येतीय का तेच ऐकत होते. शेवटी उठून पोरीच्या वहीतलं पान फाडलं आणि हे लिहायला बसले. पत्र टाकायचं कुठं, ते तर तुलाही माहीत नाही. खरं सांगू का आई, मला झोपच येत नाही आता. अर्धा तास मिळाला तो असा गेला, आणि हे मी आत्यांना सांगणार नाही. डोळा लागला होता म्हणून सांगेन.