सरदार-खैऱ्याची नोकरी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

पेटला! आज सकाळी गॅस पेटला. घरचा गॅस — सरदार आणि खैऱ्या, आमच्या बैलजोडीच्या शेणाचा. पहिला चहा ह्यांनी स्वतः केला, साखर दुप्पट, आणि वर मलाच विचारतात, वास तर येत नाही ना? आला नाही. येईल असं वाटून पहिला घोट मी नाक दाबून घेतला, हे मात्र खरं.

गोठ्यामागच्या खड्ड्यात गोबरगॅसची काळी रबरी पिशवी महिनाभर मेल्यासारखी पडून होती. रोज शेण कालवून ओतायचं आणि वाट बघायची. आता फुगून तट्ट झाली आहे. तिच्यातून नळी निघते ती थेट माझ्या ओट्यापर्यंत.

हे म्हणतात, तुला धुराचा त्रास म्हणून आणला. चाळीस वर्षं चुलीपुढे बसले तेव्हा धूर दिसला नाही, आणि आता घरात सिलिंडर असताना दिसला! खरं कारण गोठ्यात बांधलेलं आहे. वखरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. बैल म्हातारे झाले, त्यांना काम उरलं नाही. उन्हाळ्यात हे गोठ्यात घसरून पडले, कंबर धरली ती धरलीच. तेव्हापासून आमचा अभिजीत नागपूरहून दर रविवारी फोनवर एकच सांगतो — बाबा, जोडी गोशाळेत देऊन टाका. ह्यांनी काय केलं? सौंसरच्या एका संस्थेत जाऊन ही पिशवी घेऊन आले.

आज सगळ्या गल्लीला सांगत होते, "आता सरदार-खैऱ्याले नोकरी लागली."

१० ऑगस्ट, रविवार

नोकरी त्यांची आणि चाकरी माझी. शेणाचं टोपलं उचलायचं, पाणी ओतायचं, काडीकचरा वेचून काढायचा. ह्यांना वाकता येत नाही, मग कोण वाकणार?

इथे लिहायला हरकत नाही — मी अभिजीतच्या बाजूची आहे. अंगणवाडीत तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली. आता रिटायर झाल्यावर दोन म्हातारे बैल आणि एक म्हातारा नवरा सांभाळायचा, असं कुठे ठरलं होतं? बैल गेले तर थोडे दिवस वाईट वाटेल. मग चार दिवस लेकाकडे जाऊन राहता तरी येईल. आता गेलं तर गोठ्याचं कोण बघणार, म्हणून जाणंच होत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

संस्थेकडून प्रणाली नावाची मुलगी आली होती. चुणचुणीत पोरगी, स्कूटीवर फिरते. पिशवीवर कान ठेवून ऐकते काय, हात फिरवते काय! म्हणाली, शेणासोबत पत्ताकोबीची पानं, सडका भाजीपाला, उरलेलं अन्नही टाकत जा, बारीक चिरून. संत्र्याचं पण काहीतरी सांगत होती. तेवढ्यात उतू चाललेल्या दुधाकडे धावले, नीट ऐकलं नाही.

रात्री अभिजीतला हे सांगितलं. त्यानं लगेच पकडलं. "म्हणजे शेण नसलं तरी चालते का? पाहून घे ना आई एकदा." तेच माझ्याही मनात होतं. ह्यांच्यापुढे बोलले नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. ह्यांनी वाकता येत नसताना वाकून शिंगं रंगवली. सरदारला निळा, खैऱ्याला भगवा. काल खांद्याला तूप-हळद चोळताना बोलत काय होते देव जाणे, मी गेले की गप्प. पुरणपोळ्या घरच्या गॅसवर झाल्या. पहिली जोडीला.

तोरणाखाली गावात फक्त सात जोड्या. पूर्वी रस्ता पुरत नसे. हे परत आले ते थेट जाऊन झोपले.

उद्या गोटमार, नदीवरची ती दगडफेकीची जत्रा. पांढुर्ण्याचा रस्ता बंद. घरीच.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आमच्या बागेतली आंबिया बहाराची संत्री गळून राहिली आहेत. झाडाखाली सडा. एरवी बांधावर सडत पडतात, माश्या घोंगावतात. मनात आलं, हाच तर कचरा! शेणाऐवजी हेच टाकून बघू, अभिजीतलाही कळेल. काल दिवसभर आणि आज सकाळी टोपल्यावर टोपली ओतली. शेणाला हात लावला नाही. ह्यांना सांगितलंही नाही.

कसलं बरं वाटलं! कचरा गेला, कंबर वाचली.

३१ ऑगस्ट, रविवार

गॅस पेटत नाही. पिशवी फुगलेली आहे, पण काडी लावली की भुस्स होऊन विझते. आंबट घाण सुटली आहे, गोठ्यापर्यंत.

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. सांगून टाकलं — संत्री टाकली, शेण बंद केलं. ओरडतील असं वाटलं. तर हे पिशवीपाशी उकिडवे बसले, कंबर दुखत असताना, आणि म्हणाले, "खैऱ्यानं एक डाव कवळी ज्वारी खाल्ली होती. असाच फुगला होता. उपाशी ठेवू, मंग थोडं थोडं चारू."

प्रणालीला फोन केला. ती पण हेच म्हणाली, थोडी चुन्याची निवळी टाका, आणि रुसलेल्या माणसाला जेवू घालतात तसं रोज थोडं ताजं शेण. आणि मग हळूच — "काकू, मी संत्र्याचं नको म्हणाले होते ना?" म्हणाली असेल बाई. तुमचा काका बैलांत, मी दुधात.

६ सप्टेंबर, शनिवार

ह्यांनी खाट धरली. कंबर. शेण मीच काढते आहे, आधी गोठ्यातून, मग ओतायचं. पहिल्यांदाच इतका वेळ गोठ्यात गेला.

एक पाहिलं. मी खुरपं घेऊन खैऱ्याच्या मागे गेले की तो आपणहून पाय उचलून बाजूला सरकतो. सांगावं लागत नाही. माझं झालं की परत जागेवर येतो. सरदार मात्र मान वळवून पाहत राहतो, आज ही कशी, तो कुठे आहे. त्याला सांगितलं, झोपला आहे तुझा मालक. बैलाशी बोलले! कोणी ऐकलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पेटला. निळा, न फडफडता. ओट्यापाशी उभी राहून रडले की काय कोण जाणे, पदर ओला होता.

अभिजीतला फोनवर सांगितलं, शेणाशिवाय जमत नाही, करून पाहिलं.  तो म्हणाला, बाबांना नागपूरला डॉक्टरला दाखवू, एवढंच.

त्याचं काय चुकतं? बाप पडला तर त्यालाच धावत यावं लागणार. मला राग येत नाही त्याचा. थोडा येतो.

२८ सप्टेंबर, रविवार

अभिजीत गाडी घेऊन आला आणि ह्यांना घेऊन गेला. थोडे दिवस तिकडे, रोज कंबर शेकायची. निघताना हे गोठ्यात इतका वेळ होते की अभिजीतनं दोनदा हॉर्न वाजवला. शेजारचा अंकुश वैरणपाणी करणार आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ही गोष्ट फक्त इथे.

हे गेल्यापासून शेण टाकलेलं नाही. पहिल्या दिवशी माझा हात आखडला, टोपलं उचलेना. अंकुशच्या वावरात पत्ताकोबीच्या गाड्या भरून राहिले आहेत, बाहेरच्या पानांचा ढीग बांधावर. त्याला म्हटलं दे आणून. बारीक चिरून, पाण्यात कालवून, रोज थोडी थोडी ओतली. संत्र्याचा धडा लक्षात होता. मनात म्हटलं, विझला तर विझला.

विझला नाही. आज नववा-दहावा दिवस असेल, भात, वरण, पोळ्या, अंघोळीचं पाणी — सगळं त्याच्यावर. ज्योत उलट जास्तच. एकदा सुरू झाला की त्याला शेणाची गरज नाही! शेण सगळं संत्र्याच्या आळ्यात गेलं.

महिनाभरापूर्वी हे कळलं असतं तर धावत अभिजीतला फोन केला असता. आज संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळं ठीक ना? ठीक, म्हटलं. आणि गोठ्यात जाऊन बसले. खैऱ्यानं पाय उचलून जागा दिली.

ह्यांना घरी आल्यावर सांगायचं का? नको. चेहऱ्यावर दिसेल ह्यांच्या. लेकाशी खोटं बोलता येत नाही ह्यांना.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. अभिजीत, सून वृषाली, दोन्ही पोरं ह्यांना घेऊन आली. ह्यांची कंबर बरी आहे, पण डॉक्टरनं वजन उचलायला कायमची बंदी केली. पहाटे अभिजीतनं स्वतः त्यांच्या पाठीला तेल चोळलं. किती वेळ चोळत होता.

जेवताना अभिजीतनं काढलाच विषय. गोशाळेचा माणूस ठरवला आहे, परवा गाडी येईल. चांगली जागा आहे, मी पाहून आलो. ह्यांनी घास खाली ठेवला. अभिजीत त्यांच्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"आई, तू सांग. शेणाशिवाय चालते का गॅस? तू म्हणशील तसं करू."

सगळे माझ्याकडे. वृषालीनं पोराचा हात ताटातून बाजूला केला. मी वाढता वाढता थांबले. खोटं बोलायला फार वेळ लागत नाही, हे आज कळलं.

"नाई चालत," मी म्हणाले. "बंद करून पाहिलं नं मी. विझला होता."

"पक्कं?"

"पक्कं. बैल पाह्यजेतच. शेण मी काढीन, तुया बाबाले हात लावू देनार नाई. अंकुशले लावीन सोबतीले."

"बरं," तो म्हणाला. "मंग राहू द्या." आणि तिथेच, जेवता जेवता, गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

 ह्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. जेवण झाल्यावर नातवांना गोठ्यात घेऊन गेले, तिथून हसण्याचा आवाज येत होता. मी भांडी घासली.  लेकाला तोंडावर फसवलं, तेही सणाच्या दिवशी. त्यानं विश्वासानं विचारलं होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज करून गेले. निघताना अभिजीतनं पाया पडून पाठीवर हात ठेवला, कधी ठेवत नाही. मी वर पाहिलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

प्रणाली आली होती, पिशवी तपासायला. चिवडा खाता खाता म्हणाली, अभिजीतदादांचा फोन आला होता दिवाळीच्या आधी. विचारत होते, नुसत्या पानांवर चालतो का? मी सांगितलं, चालतो ना, काकू तर कधीपासून चालवून राहिल्या. त्याच्या आधीच एक फेरी मारली होती, तुम्ही घरी नव्हत्या; पण पिशवीत शेण नाही, हे हात लावला की कळते.

म्हणजे पाडव्याला विचारलं तेव्हा त्याला माहीत होतं.