पुलावर अडलेली बस

प्रिय मास्तर,

(कंडक्टरकी सुटून सहा वर्षं झाली, तरी तुला दुसरी हाक मारायला जीभ वळत नाही.) सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा चष्मा सापडला का? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे बायको ठीक आहे. माझं काही खरं नाही.

लेकीनं परगावी जाताना टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम माझ्या गळ्यात मारला, हे तुला ठाऊक आहेच. त्यात अख्खं शहर आहे, डोंगर आहेत, समुद्र आहे. वाटेल तिकडे जा, कुणी अडवत नाही. फोनवर आमचं बोलणं दीड मिनिटात आटोपतं (जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते). पण एकदा त्या गेममध्ये ती तिच्या घरून आणि मी इथून, असे दोघं घोड्यांवर नुसते हिंडत होतो, तेव्हा पोरगी चाळीस मिनिटं बोलली. नोकरीत मन रमत नाही, घरी आल्यावर शब्द बोलायला माणूस नाही, सगळं. मग ती पुढच्या बेटावर गेली. "बाबा, तुम्हीही या, तिथं निवांत बोलू," म्हणाली. त्याला चार महिने झाले.

बेटाची होडी मिळायला दहा छुपी आव्हानं पुरी करावी लागतात. छुपी म्हणजे काय करायचं ते कुणी सांगत नाही. भलतंच काही केलं की पडद्यावर पाटी येते. (आपल्या डेपो मॅनेजरचा कारभार असाच होता, फक्त पाटीऐवजी मेमो यायचा.) पहिलं मला बिघडलेल्या लाल सिग्नलला अर्धा तास थांबल्याबद्दल मिळालं. दुसरं विहिरीत पडून, तिसरं त्याच विहिरीत पुन्हा पडून. असं पडत-धडपडत नऊ झाली.

दहाव्याचं गुपित शेजारच्या इलेक्ट्रिशियननं फोडलं: भरलेली बस पुलावरून नदीत घालायची. आणि इथंच घोडं पेंड खातंय. मास्तर, बत्तीस वर्षांत एका सायकलला ओरखडा नाही! मी बस काढतो, प्रत्येक स्टॉप घेतो, पुलावर येतो आणि मागे बघतो. पिशवी मांडीवर घेतलेली म्हातारी, स्टॉप यायच्या आधीच उठून दारात उभा राहणारा तो इसम. ब्रेक लागतोच. सगळ्यांना उतरवून रिकामी गाडी घालून पाहिली, ती गेमनं धरली नाही. बायको म्हणते, "अहो, ती चित्रं आहेत." चित्रं कशी? म्हातारी उतरताना मला थँक्यू म्हणाली. आपल्या अख्ख्या नोकरीत किती जण म्हणाले होते?

काल लेकीनं विचारलं, "कुठवर आलात?" म्हटलं, पुलावर. "राहू दे बाबा, होईल तेव्हा होईल," म्हणाली आणि दीड मिनिटही न घेता फोन ठेवला. मी रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं?

तुझा हताश,
ड्रायव्हर

ता. क. : रडल्याचं बायकोला सांगू नकोस. हे पत्र तीच पेटीत टाकणार आहे. वाचणार नाही, असं म्हणते.

ता. क. २ : आता खरं काम. रविवारी ये. बस मी पुलापर्यंत आणतो. तू मागे खुर्ची टाकून बस आणि डबल बेल दे. बेल झाली की ड्रायव्हरनं गाडी सोडायची, आतल्या माणसांची जबाबदारी कंडक्टरची, असा नियमच आहे. पाप तुझ्या डोक्यावर घे, मास्तर. माझी लेक तिकडं एकटी आहे.