एकही ठिपका राहिला नाही

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा बसूनच घालतोय, मानून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला? वेधशाळेत येणारी पत्रं अजून तुम्हीच उघडता ना? आपलं सहज विचारलं.

इकडे सर्व ठीक. म्हणजे मला कीर्ती मिळाली आहे आणि घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. झालं असं, की आमच्या आकाशदर्शन मंडळात बारा वर्षं मी खुर्च्या मांडतो. (अध्यक्ष म्हणतात, इतक्या सरळ रांगा दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. याला ते कौतुक समजतात.) यंदा प्रदर्शनात पहिल्यांदाच माझा एक फोटो घेतला, गच्चीवर डास चावून घेत काढलेला, एका तेजोमेघाचा. तो साध्या कागदावर नको, मागून दिवे लावलेल्या पेटीत झळकला पाहिजे, म्हणून पाट्यावाल्याकडे दिला. हा माणूस दातांच्या दवाखान्यांसाठी तसल्या उजेडाच्या पाट्या करतो आणि काम खरंच उत्तम. मी एवढंच बजावलं, की फोटो एकदम स्वच्छ आला पाहिजे. तिथेच घात झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तो स्वतः पेटी घेऊन आला. बटण दाबलं. रंग असे, की मी हरखून बघत राहिलो. मग लक्षात आलं, तारे नाहीत. पाट्यावाला मात्र खुशीत. म्हणाला, "साहेब, ठिपके फार होते. दोन दिवस बसून एकेक काढला, एकही राहिला नाही." दातावर डाग दिसला की डॉक्टर पाटी परत पाठवतात, त्यामुळे बिचाऱ्याचा हातच तसा बसलेला.

मी डोक्याला हात लावून बसलो. तुमची भाचेसून शिवणकाम करते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिने पेटीतली फिल्म काढून टेबलावर पसरली आणि सुयांची डबी उघडली. उजेड मागून येतो ना, मग भोकं पाडू, म्हणाली. मूळ फोटो बघून मी जागा सांगत होतो, ती टोचत होती. बारक्या ताऱ्याला बारीक सुई, ठळकाला दाभण. मध्येच शेजारी शिडी परत करायला आले. बेल वाजली, ही दचकली आणि दाभण भलतीकडेच घुसलं.

संध्याकाळी सगळी गर्दी आमच्याच पेटीपुढे. इतरांचे तारे छापलेले, आमचे लखलखत होते. अध्यक्षांनी भिंग लावलं, नकाशा मागवला आणि जाहीर केलं, की हा एक तारा कोणत्याच नकाशात नाही. मी तोंड उघडलं होतं, मामा, शपथेवर सांगतो. पण त्यांनी मला व्यासपीठावर बसवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्याने मांडलेल्या खुर्चीत बसलो. हे सगळं एकट्याने केलंत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ही तिसऱ्या रांगेत होती. लाज वाटते, पण टाळ्या फार गोड लागल्या.

तुमचा,
भाचा

ता.क. त्या ताऱ्याची खात्री करायला अध्यक्षांनी पेटीचा फोटो जोडून वेधशाळेला पत्र धाडलं आहे. ते हरवावं. तुमच्याकडे कागद हरवतात, असं मामी नेहमी सांगतात.

ता.क. २. मामा, नमस्कार. ही मी, तुमची भाचेसून. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, पण पाकीट चिकटवायचं विसरलेत. अध्यक्षांचं पत्र हरवू नका. एक तारा चुकलाय हे खरं, बेल वाजली. बाकीचे दोनशे बारा नीट टोचलेत का, तेवढं तपासून मंडळाला कळवा. आणि उत्तरात नाव माझं घाला.